बांबळे भाऊसाहेब माझ्या हातून कसे वारले

‘सापाची लस कुठल्या दवाखान्यात हाय? लवकर सांगा.’

हा प्रश्न मी आमच्या ग्रुपवर टाकला होता. भातलावणी चालू होती, दादाच्या पायाला घोणस चावली होती, आणि मी जीपच्या मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. ग्रुपचं नाव ‘डिंभे परिसर मित्र परिवार’. माणसं किती? धरणात मासे असतील तेवढी. मी बटण दाबलं आणि पहिला टिंग आवाज कुठं आला माहितीये? दादाच्याच खिशात. तोही ग्रुपात होता ना!

त्यानंतर कोणी बोललं नाही. म्हणजे बोलले हो, पण कोणा पुढाऱ्याच्या पुतण्याचा वाढदिवस होता, त्याला शुभेच्छा दिल्या. एकानं केक टाकला की दुसऱ्यानं त्याहून मोठा. माझा प्रश्न त्या केकांखाली दबून गेला. आम्ही एका दवाखान्यात गेलो, तिथं लस नव्हती. दुसरीकडं निघालो, तर वाटेत ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं आणि गाडीचा वेग हळूहळू कमी केला.

त्या प्रश्नाला आजपर्यंत उत्तर आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाळ्या, चहाला बोलावलंस आणि हे काय काढलंस? थांबा, घोट घ्या. ह्याच्या पुढं मी जो घोळ घातला ना, तसा घोळ जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. सापडला तर मी मिशी काढून देतो. एका जिवंत, धडधाकट सरकारी माणसाला मी मारलं! हत्यार काय? मोबाईल. आणि हेतू इतका चांगला होता की विचारू नका!

झालं असं. दादा गेला, त्याचा फोटो मामेभावानं ग्रुपवर टाकला, आणि मग मात्र सगळा ग्रुप जागा झाला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ वर सरकवा, खाली सरकवा, नुसते जोडलेले हात. मी एवढा चिडलो होतो की मोबाईल धरणात फेकायला काठापर्यंत गेलो. तिथं उभा राहून विचार केला. ह्यातला एकही माणूस वाईट नाही. लस कुठं आहे हे कोणाला माहीतच नव्हतं, म्हणून कोणी बोललं नाही. हात जोडायचे कसे ते माहीत होतं, ते त्यांनी केलं.

मोबाईल फेकला नाही. दहावा झाला त्याच दिवशी ठरवलं, ह्या ग्रुपवर इथून पुढं कोणीही काहीही विचारलं तरी उत्तर येणार. आणि खरं उत्तर येणार. देणार कोण? मी!

माझं शिक्षण सातवी. तेही गुरुजी दयाळू होते म्हणून. पण नेटवर शोधायला शिक्षण कुठं लागतं? माईकच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि बोलायचं. मी बोललो, ‘साप चावल्यावर काय करायचं?’ अरे बाप रे! एक बाबा सांगतोय कांदा बांधा. दुसरा सांगतोय दगड चिकटवा, दगड विष ओढून घेतो. तिसऱ्याच्या व्हिडिओखाली लाखो लोकांनी पाहिल्याचं लिहिलेलं. पाहिलेले लाखो, पण त्यातले वाचले किती, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग ‘जवळचे दवाखाने’ म्हणून शोधलं. भरपूर नंबर निघाले. पहिला लावला.

“हॅलो, दवाखाना का?”

“न्हाई, मंडप डेकोरेशन. बोला, कार्य कंचं हाय?”

“कार्य व्हऊ नये म्हणूनच फोन केला व्हता, भाऊ.”

दुसरा नंबर दवाखान्यातून रिटायर झालेल्या एका मावशींच्या घरी वाजला. तिसरा नुसता वाजत राहिला. तेव्हा मी नेम केला. नेटवर दिसलं म्हणून टाकायचं नाही, कोणी सांगितलं म्हणूनही टाकायचं नाही. स्वतः जायचं, डोळ्यांनी बघायचं, जमलं तर हात लावायचा, आणि मगच ग्रुपवर टाकायचं.

गाडीला किक मारली आणि तालुक्याच्या बाजूचा एक सरकारी दवाखाना गाठला. औषधाच्या खिडकीत बांबळे भाऊसाहेब बसले होते. जाड चष्मा, कमरेला फ्रीजची किल्ली.

“काय पायजे?”

“सापाची लस दाखवा.”

“कोनाला चावलं?”

“कोनालाच न्हाई.”

“मंग?”

“चावंल की कवातरी!”

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “सापानं तसं तुला कळवलंय का?”

मागं रांग हसली. मग मी दादाचं सांगितलं. सगळं नाही, दोन वाक्यं. भाऊसाहेब उठले, मला आत घेतलं, फ्रीज उघडला. लहान लहान बाटल्या. एक माझ्या हातावर ठेवली. थंडगार. तळहातावर ठेवली तरी पेरूएवढीसुद्धा भरत नव्हती. एवढ्याशा बाटलीसाठी आम्ही जीप पळवत होतो!

“कवाबी या,” भाऊसाहेब म्हणाले. “मी नसलो तर सिस्टर असत्यात. फकस्त लगेच या. बांधत, कापत, कोनाला दाखवत बसू नगा.”

मी बाहेर येऊन गाडीवर बसूनच मेसेज लिहिला. मोठा लिहिला. दवाखाना कुठला, रस्ता कुठला, काय करायचं, काय करायचं नाही. पाठवला. त्यावर एकच बारीक टीक आली. ती तशीच राहणार आहे, मला माहीत होतं. ग्रुपातल्या सगळ्या फोनांवर मेसेज पोचल्याशिवाय दुसरी टीक येत नाही, आणि दादाचा फोन आईनं बंद करून कपाटात ठेवलाय. त्याचा नंबर मी ग्रुपातून काढू दिलेला नाही.

असो. उत्तर काय आलं ग्रुपवरून? काही नाही! फक्त ॲडमिनचा अंगठा. आमचे ॲडमिन म्हणजे किराणा दुकानवाले कांतीशेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा गावरान बोलतात. संध्याकाळी त्यांनी मला दुकानात बोलावलं.

“बाळू, चांगलं लिवलंस. पर येवढं लांबडं वाचनार कोन राव? मीच निम्मं वाचलं.”

“मंग काय करू, शेठ?”

“फोटू टाक. मान्सं फोटू बघत्यात. त्या भाऊसाहेबाचा फोटू लाव, नाव टाक, खाली दवाखाना टाक. मोजून चार शब्द. बघ कसं वाचत्यात.”

पटलं मला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखाना गाठून भाऊसाहेबांचा फोटो काढला. त्यांनी केसांवरून हात फिरवला, बटण लावलं, झकास हसले. घरी येऊन फोटो सजवायला बसलो.

आता इथं नीट ऐका. मोबाईलवर फोटो सजवायचा मला एकच प्रकार येत होता. दादाच्या दहाव्याला मामेभावानं शिकवलेला. फोटो गोल कापायचा, भोवती झेंडूचा हार येतो, दोन्ही बाजूंना समया येतात, खाली नाव लिहायला पट्टी येते. मी तेच केलं.

हसा! मोठ्यानं हसा! पण खरं सांगतो, मला तो हार दिसलाच नाही. दादाचा फोटो मी दिवसातून इतक्यांदा उघडायचो की त्याच्याभोवतीचा हार दिसायचाच बंद झाला होता. मला वाटायचं, फोटो म्हटला की एवढं असतंच.

खाली मोजून लिहिलं : ‘श्री. बांबळे भाऊसाहेब. साप चावल्यास. सरकारी दवाखाना. चोवीस तास.’ दुसऱ्या दिवशी सकाळीच पाठवलं आणि जाळं काढायला धरणावर गेलो. पाण्यात रेंज नसते. मनात मात्र लाडू फुटत होते. आता वाचतील!

वाचलं की. दुपारी काठाला आलो, रेंज मिळाली, आणि खिशात मोबाईल असा थरथरायला लागला की मला वाटलं जाळ्यातला मासाच शर्टात शिरला. उघडून बघतो तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ रांगच्या रांग!

तुम्हाला वाटेल, मला तिथंच कळलं असेल. छे! मला वाटलं, दादासाठीच आहे. म्हटलं, अजून आठवण आहे लोकांना. माझे डोळे भरून आले. ओल्या हातानं मी लिहिलं, ‘सर्वांचे आभार. आमच्या दुःखात सहभागी झालात.’

घ्या! आता सगळ्यांची खात्री झाली की बाळू हा भाऊसाहेबांचा जवळचा नातेवाईक.

लगेच एकानं विचारलं, ‘अंत्यविधी किती वाजता?’ मला वाटलं परिसरात कोणीतरी गेलं असावं. आणि ग्रुपवर प्रश्न आला की उत्तर द्यायचं हा माझा नेम! मी लिहिलं, ‘खात्री करून कळवतो.’

मग काय राहिलं? बाळू खात्री केल्याशिवाय बोलत नाही, हे तर मीच ग्रुपला बजावून ठेवलेलं.

तेवढ्यात कांतीशेठचा फोन आला. आवाज एकदम पडलेला.

“बाळू, दुकानाचं अर्धं शटर वडलंय रं. लई चांगला मानूस. सापानंच गेला म्हंत्यात?”

“कोन गेला, शेठ?”

“आसं काय करतूस? तूच टाकलंस की सकाळी. बांबळे भाऊसाहेब!”

“अवो काल माझ्यासंगं चा प्यालेत ते!”

“मंग? मरान काय सांगून येतंय व्हय?”

मी ग्रुप वर सरकवत सरकवत त्या फोटोपर्यंत गेलो. आणि तेव्हा, बघा, तेव्हा मला पहिल्यांदा तो हार दिसला. भाऊसाहेब झेंडूच्या मधोमध झकास हसतायत. दोन्ही बाजूंना समया.

घरी पळालो. आई उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती, तिच्यापर्यंत बातमी पोचलेलीच होती.

“बाळ्या, जित्या मान्साला हार घातलास?”

“आई, मला दिसलाच न्हाई गं तो.”

तिनं हात थांबवला. “मलाबी दिसत न्हाई आता,” म्हणाली, आणि परत खडे वेचायला लागली.

मी तिथं बसून राहिलो असतो. पण ग्रुपवर नवा मेसेज आला, आणि तो वाचून मी ताडकन उठलो. कोणीतरी लिहिलं होतं, ‘ज्याच्या हातात लस, तोच सापाने गेला. मग लस काय कामाची?’ त्याच्याखाली धडाधड अंगठे. एकानं विचारलं, ‘त्यापेक्षा मंत्रानं विष उतरवणारा आपला भगत बरा नाही का?’ त्यालाही अंगठे!

कळलं का काय झालं? लोकांना लस कुठं आहे ते कळावं म्हणून मी एवढा आटापिटा केला, आणि माझ्यामुळं आता लोक लसीलाच नको म्हणायला लागले. उद्या कोणाला चावलं, त्याला घरच्यांनी दवाखान्याऐवजी भगताकडं नेलं, तर? दादाच्या वेळी माहिती नव्हती. ह्या वेळी माहिती खोटी असणार होती, आणि ती मी दिलेली असणार होती.

‘भाऊसाहेब जिवंत आहेत’ असं मी लिहिलं. पुन्हा लिहिलं. कोण वाचतंय? साधं लिहिलेलं होतं ना, फोटो कुठं होता! म्हटलं, बस झालं. गाडी काढली आणि दवाखाना गाठला.

दवाखान्याबाहेर ही गर्दी. पाच-सात जण हार घेऊन उभे. आणि आत खिडकीत भाऊसाहेब ओरडतायत, “आवो, केसपेपर काढून रांगेत या! हार कसले आनताय? कंच्या साहेबाची बदली झाली?”

एक म्हातारे बाबा पुढं होते. त्यांना डोळ्यांनी कमी दिसत असावं. त्यांनी हार खिडकीच्या फळीवर ठेवला आणि भाऊसाहेबांनाच विचारलं, “मयत कुठं ठिवलीय, दादा?”

“कोनाची मयत?”

“बांबळे भाऊसाहेबाची.”

भाऊसाहेब खुर्चीतून असे उठले, असे उठले की चष्मा नाकावरून पोटावर आला. मी गर्दीतून पुढं गेलो आणि सगळं सांगितलं. मोबाईलवरचा फोटोही दाखवला. त्यांनी तो खूप वेळ पाहिला.

“फोटू चांगला आलाय,” म्हणाले. “बाळू, मी तुझं काय वाईट केलं व्हतं रं?”

“चुकलं, भाऊसाहेब. आत्ताच्या आत्ता निस्तारतो.”

म्हटलं, व्हिडिओ काढू. तिथंच काढला. भाऊसाहेब म्हणाले, “मी बांबळे. मी जिता हाय. लसबी हाय.” पाठवला. आता तरी? आता तरी पटेल की नाही?

पहिलं उत्तर आलं, ‘एआय आहे राव हे. हल्ली गेलेल्या माणसालाही बोलायला लावतात.’

दुसरं, ‘बरोबर. डोळे बघा, पापणी लवत नाही.’

तिसरं तर, ‘खूप छान व्हिडिओ. आत्म्यास शांती लाभो.’

“माझी पापनी लवत न्हाई?” भाऊसाहेब एवढे दुखावले की माझ्यासमोर पटापटा डोळे मिचकवायला लागले. “ही काय? ही काय मंग?” आणि मिचकवता मिचकवता एकदम थांबले. “बाळू! आमची मंडळी माहेरी गेलीय. लेण्याद्रीच्या पायथ्याला. तिथं गेलं आसंल का हे?”

फोन लावला तर बायकोचा बंद. मेव्हण्याचा व्यस्त. फ्रीजची किल्ली त्यांनी सिस्टरांच्या हवाली केली आणि माझ्या गाडीवर मागं बसले. मी गाडी जुन्नरच्या रस्त्याला लावली. आयुष्यात एवढी नीट गाडी मी कधी चालवली नाही. म्हटलं, आज हा माणूस माझ्या मागून पडला, तर सगळा ग्रुप खरा ठरेल!

निम्म्या वाटेत समोरून एक जीप आली. पुढं पांढरी टोपी घातलेला माणूस, मागं बायांची रडारड. भाऊसाहेब माझ्या पाठीवर थापा मारत ओरडले, “थांब! थांब! ह्योच माझा मेव्हना!”

जीप थांबली. मेव्हणे उतरले, भाऊसाहेबांना पाहिलं आणि सवयीनं हात जोडले.

“दाजी? तुमी?”

“मीच.”

“पर मंग आमी कुठं चाललोय?”

मागून वहिनी उतरल्या. नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या, त्याच्या दंडाला चिमटा काढला. जोरात काढला, कारण भाऊसाहेब केवढ्यानं तरी ओरडले. मग त्या जोरात रडल्या. आणि रडून झाल्यावर माझ्याकडं वळल्या.

“तूच का त्यो फोटूवाला?”

मी चपला काढून उभा राहिलो. का काढल्या, मला अजून माहीत नाही. दादाचं सांगितलं, लसीचं सांगितलं, भगताचा तो मेसेजही वाचून दाखवला. म्हटलं, वहिनी, पाहिजे तर मारा, पण आधी लोकांची समजूत काढू द्या. कोणाचातरी जीव जाईल.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. “सांगून कोन आयकंल तुझं? फोटूवर इस्वास न्हाई, व्हिडूवर न्हाई. मान्साला मानूस दाखवाया लागतंय. जीप हायेच. रडायला मान्सं गोळा केल्यातीच. चल, घाल ह्यान्ला गाडीत. माझा नवरा ज्यांनी ज्यांनी मारला, त्यांच्या दारात उभा करते!”

काय बाई होती राव! अशी माणसं असल्यावर इंटरनेटची काय गरज?

मग आमची जी वरात निघाली! जीपच्या मागच्या फाळक्यावर भाऊसाहेब उभे, दांडीला धरून, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे. बाजूला मी, घसा फाडून ओरडतोय, “बांबळे भाऊसाहेब जिते हायेत! लसबी हाय! घाबरू नका!” ज्या बाया रडायला आल्या होत्या त्या आता हसायला लागल्या. प्रत्येक गावात माणसं गोळा व्हायची. कोणी हात लावून बघायचं, कोणी वास घ्यायचा. एका आजीनं विचारलं, “येवढं धडधाकट दिसताय, मंग मेलाच कशापायी?”

आमच्या गावात कांतीशेठनं अर्धं शटर पूर्ण वर केलं, भाऊसाहेबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “पावनं, चा घेतल्याबिगर जायाचं न्हाई. तुमच्यापायी सकाळपास्नं मीबी घेतला न्हाई.” मग माझ्याकडं वळून बोट उगारलं. “आन् तू! इथून म्होरं फोटू न्हाई टाकायचा. साधं लिवायचं!”

“अवो, तुमीच तर म्हनाला व्हता...”

“मी फोटू म्हनलो व्हतो, हार कुठं म्हनलो व्हतो?”

भाऊसाहेबांना सुरुवातीला लाज वाटत होती. दोन-तीन गावं झाल्यावर मात्र रंग चढला. स्वतःच भाषण करायला लागले. “साप चावला तर घट बांधू नगा. ब्लेड मारू नगा. तोंडानं वढू नगा. चावलेला पाय हलवू नगा. भगताकडं जायला जेवढा येळ लागतो तेवढ्यात माझ्याकडं पोचताय!” टाळ्या! त्यांनी चष्मा काढून पुसला, लावला, आणि पुढच्या गावात तेच अजून मोठ्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती, तर स्वतःच फोन करून म्हणाले, “बाळू, आहुपं राह्यलं रं.” म्हणून आम्ही तीच जीप घेऊन, तसंच ओरडत, वर डोंगरातल्या आहुप्यालाही गेलो. तिथं रेंज नाही. आमचा मेसेज पोचला नाही, व्हिडिओ पोचला नाही. पण भाऊसाहेब वारल्याची बातमी? ती आमच्या आधी पोचलेली! तिला रेंज लागत नाही. देवराईच्या कडेला माणसं जमली, त्यांनी भाऊसाहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि मग एका आजींनी सरळ विचारलं, “लस खरीच हाय ना पर?”

“हाय, आजी. मी हात लावलाय,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून माझं एक काम ठरून गेलं. दर सोमवारी सकाळी दवाखान्यात फोन करायचा आणि ग्रुपवर एक ओळ टाकायची, ‘लस आहे.’ नसेल तर कुठं आहे ते शोधून टाकायचं. फोटो नाही, फुलं नाही. लोक आता वाचतात. हसत हसत का होईना, पण वाचतात. कोणी सापाचं विचारलं की मी बोलायच्या आत चार जण उत्तर देतात, “त्या हारवाल्या भाऊसाहेबांकडं न्या!” दोन तालुक्यांत आता असं एकही घर नसेल जिथं त्यांचं नाव माहीत नाही. मेलेल्या माणसाला एवढी प्रसिद्धी मिळत नाही हो!

आणि मग कापणी आली.

सकाळचीच वेळ. आहुप्याच्या रस्त्यावरून एका बाप्याचा फोन आला. तो रेंज लागेपर्यंत पळत खाली आला असावा, इतका धापा टाकत होता. “भाऊ, बायकुला चावलंय, कापनीत. आई संगं हाय. जीप काढलीय. भाऊसाहेबांकडंच आनतोय. लस हाय ना?”

“दोन मिंटं,” मी म्हणालो. फोन लावला. आहे. त्याला सांगितलं, “हाय. थेट या. पाय हलवू नका. कुठं थांबू नका.” आणि तेवढ्यावर मला राहवेना. गाडीला किक मारली आणि त्यांच्या आधी जाऊन फ्रीजसमोर उभा राहिलो. जणू मी नसतो तर लस पळून गेली असती!

जीप आली. आमच्या जीपसारखीच होती. मागच्या सीटवर ती बाई, डोकं सासूच्या मांडीवर. पण डोळे उघडे होते. आजी त्याच, आहुप्यात मला विचारणाऱ्या. डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त काढलं, भराभर सांगितलं. भाऊसाहेबांनी किल्ली फिरवली. सिस्टर मला म्हणाल्या, “बाळू, बाहेर थांब.”

“न्हाई सिस्टर. मला बघायचंय. बघितल्याबिगर ग्रुपवर कसं टाकू?”

वाद घालायला त्यांना वेळ नव्हता. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. सिस्टरांनी बाटलीत पाणी सोडलं, हळूच फिरवली, विरघळवली. सुई टोचली. लस सलाईनमध्ये गेली आणि नळीतून थेंब थेंब उतरायला लागली. आवाज नाही, काही नाही. बाटलीला मी हात लावला होता, पण ती माणसाच्या अंगात जाताना पहिल्यांदाच बघत होतो. मनात आलं, एवढंच? एवढंच करायचं होतं?

आणि मग समोरची भिंत हळूच तिरकी झाली.

डोळे उघडले तेव्हा वर पंखा होता. मी शेजारच्या खाटेवर होतो. आहुप्याच्या आजी मला पदरानं वारा घालत होत्या. आणि पलीकडं ती साप चावलेली बाई, एका हाताला सलाईन, मान वळवून काळजीनं माझ्याकडं बघत होती.

“सिस्टर,” तिनं विचारलं, “ह्यान्ला काय चावलं वो?”

“काय न्हाई. सुई बघून पडलाय,” सिस्टर म्हणाल्या. “तुमच्यापेक्षा ह्यालाच जास्त मान्सं लागली उचलायला.”

आजींचा हात थांबला. वाकून त्यांनी माझं तोंड नीट पाहिलं. “अगं बया! ह्यो तर त्योच, जीपमंदी उभा राहून ‘घाबरू नका, घाबरू नका’ म्हनत वरडत व्हता!”

बाई हसली. हसताना सलाईनचा हात हलला म्हणून सिस्टर ओरडल्या. डॉक्टर येऊन तिच्याकडं बघून गेले, म्हणाले दोन-तीन दिवस ठेवू, पण वेळेत आणलंत. मला म्हणाले, “तुम्ही पडूनच राहा.”

मी पडूनच राहिलो. पडल्या पडल्या खिशातून मोबाईल काढला आणि ग्रुपवर लिहिलं :

‘लस आहे. चालू केली आहे. पेशंट हसत आहे. सोबत येणाऱ्याने मात्र घरून काहीतरी खाऊन यावे आणि सुईकडे बघू नये. खात्री केलेली आहे.’